सांधा

स्लॅब निम्मा झाला होता आणि घरून पुन्हा फोन आला. लेकाचा ताप काही केल्या उतरत नव्हता. नव्या इंजिनीअर मुलीचा जीव टांगणीला लागला. तिने भीतभीतच थोरल्या इंजिनीअर बाईंना विचारलं, "मॅडम, तासभर घरी जाऊन येऊ?"

"काँक्रीट अर्ध्यावर थांबलं की सांधा राहतो. मग छत जन्मभर गळतं," मॅडम म्हणाल्या. "माझाही असाच तापाने फणफणला होता. मी जागची हलले नाही. त्या छतातून आजतागायत थेंब गळलेला नाही."

घाम पुसायला त्यांनी हेल्मेट काढलं. आतल्या बाजूला दुधाचे दात दाखवत हसणाऱ्या पोराचा विटका फोटो चिकटवलेला होता.

"गोड आहे हो. आता केवढा झालाय?"

"एवढाच राहिला," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी काँक्रीटच्या पुढच्या गाडीला हात केला.