उन्हाची एकच जागा

"आठवा लागलाय, आणि पोट जेमतेम सातव्याचं!" नर्स इनोबतनं झियोदाच्या पोटावर पुन्हा टेप लावली. आकडा तोच.

हाजिराआपाच्या हातातला चहाचा पियाला उगाचच इकडून तिकडे गेला. "माझ्या घरी सून उपाशी राहते असं म्हणू नकोस हं. पुलाव, अक्रोड, मलई... खुदाशपथ, काही कमी नाही!"

"खाण्याचं कोण म्हणतंय, आपा? हा रिपोर्ट बघा. डी व्हिटॅमिन आठ. निदान वीस तरी हवं. चार महिने पोरीनं ऊन पाहिलेलं नाही. बाळ त्यानंच लहान राहिलंय असं नाही म्हणत मी, पण आपल्या हातात आहे ते तरी करू. हे थेंब रोज. आणि दुपारी थोडं ऊन, हात-पाय उघडे टाकून."

नर्स गेली. हाजिरा उठली, बसली, पुन्हा उठली. अंगणात ऊन यायचं ते एकाच कोपऱ्यात, आणि नेमकी तिथंच वर शेजारच्या तुर्सुनॉयची खिडकी. गेल्या खेपेला ही बया तिथूनच म्हणाली होती, "अगंबाई, काय गोंडस पोट!" आठ दिवसांत सगळं संपलं. म्हणून या वेळी चौथ्या महिन्यापासून सून खोलीत, पडदे ओढलेले. गल्लीत कुणाला पत्ता नाही.

"आई, राहू द्या. मी नुसते थेंब घेते."

"तू गप गं! मीच कोंडलं तुला. नजरेला भिऊन नातवाच्या तोंडचं ऊन काढलं मी मेलीनं." हाजिराला रडू फुटलं. तसंच नाक पुसत तिनं गादी उचलली आणि कोपऱ्यात नेऊन टाकली.

झियोदा बसली. हाजिरानंच तिच्या बाह्या वर सारल्या, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली. पोरीचे हात कसे पांढरेफटक पडले होते.

वर खिडकी करकरली.

"हाजिरा, सून आहे होय घरात? मला वाटलं माहेरी गेली. अगंबाई, पोटुशी की काय?"

हाजिरा धावत जाऊन सुनेच्या पुढ्यात उभी राहिली, दोन्ही हात पसरून. मग तिनं खाली पाहिलं. तिची सावली सुनेच्या पोटावर पडली होती.

ती बाजूला झाली.

"आठवा आहे," कापऱ्या आवाजात ती म्हणाली. "बघ बाई, काय बघायचं ते."