नकाशातला दुसरा ओटा

माझी नात राजनंदिनी हल्ली फार शेफारली. चार हाका मारल्या तरी मान वर करत न्हाई. परदेशी शिकायला जायची परीक्षा हाय म्हणं. जुना नकाशा अन् नवा नकाशा बघून काय काय बदललं ते सांगायचं. सरावाला तिनं टेंभुर्णीचं आपलंच शेत काढलं होतं.

"आधी इथं गोठा होता, आता डांबरी रस्ता आहे," ती आईला वाचून दाखवत होती. "चिंच तोडली. आजोबांच्या समाधीचा ओटा होता तिथंच आहे."

मी दुसरीपर्यंतच शिकलेली, पण माझं शेत मला बराबर कळतं. नव्या नकाशात ओटे दोन होते.

"अगं, हा दुसरा कोणाचा?" मी ओरडले. नातीनं ऐकलंच न्हाई. सून वंदना मात्र त्याच चौकोनावर बोट ठेवून रडून राह्यली होती.

मंग मी नातीच्या कानाशी वाकले.

"नकाशा बराबर काढलास, पोरी. पण जन्मभर मी ह्यांच्या बरोबरीनं राबले, अन् तुझ्या बापानं माझा ओटा ह्यांच्या पायाशी बांधला? हे मला बिलकुल मंजूर न्हाई."