रोडग्याची परीक्षा

मनुष्याचा स्वभाव पारखून घ्यावा, ही इच्छा वडीलधाऱ्यांना शोभतेच. परंतु पारख करणारा आपल्या कसोटीवरच लुब्ध झाला, तर समोरचा मनुष्य त्याला दिसेनासा होतो. नानाजी त्या टोकापर्यंत येऊन पोहोचले होते.

पौषातले ऊन कोवळे होते. शहराबाहेरच्या हुडकेश्वरला त्या काळी शेतेच होती. नानाजींच्या शेतात आंब्याखाली पंगत बसली होती. पत्रावळींवर वांग्याची भाजी, द्रोणांत वरण, आणि गोवऱ्यांच्या आरातून नुकतेच काढलेले रोडगे: कणकेचे जाड गोळे, वरून राखेने माखलेले, आतून वाफाळते. मनुष्य रोडगा कसा खातो, त्यावरून तो संसार कसा करील हे कळते, असा नानाजींचा सिद्धान्त होता. नात जया हिच्यासाठी आलेली दोन स्थळे त्यांनी याच पंगतीतून परत पाठविली होती. एकाने फुंकलेली राख थेट नानाजींच्या वरणात उतरली. दुसऱ्याने रोडगा फोडण्याआधीच तूप मागितले.

आज तिसरे स्थळ होते. शहरातल्या महाल वस्तीतून सायकलने आलेला चंद्रभान, पोस्टातला कारकून. त्याने वाऱ्याची दिशा पाहिली, पाठ वळवून राख झटकली, रोडगा फोडला आणि पहिला अर्धा भाग शेजारी बसलेल्या लहानूच्या पत्रावळीवर ठेवला. लहानू शेतावरचा गडी. रोडगे त्यानेच भाजले होते. मग साऱ्या पंगतीला तूप पोहोचेपर्यंत चंद्रभान हात आवरून बसला.

नानाजींचा चेहरा उजळला. जयाची आई कुसुमताई हिने पदराआड सुस्कारा सोडला. वरण वाढणारी जया मात्र खाली पाहत होती.

चंद्रभानने घास उचलला, आणि हात मध्येच थांबला.

“काहून पाहुणे, थांबले?” नानाजींनी विचारले.

“घास जाऊन नाही राहिला, नानाजी. हे सारं मले आधीच माहीत होतं जी. राख कुठं झटकाची, पहिला तुकडा कोणाले द्याचा, सारं पाठ करून आलो मी.”

“झालं! हाही गेला,” कुसुमताई पुटपुटली. परत द्यावा लागतो की काय, या धास्तीने लहानूने आपल्या पत्रावळीवरचा अर्धा रोडगा घाईघाईने संपविला.

“कोणं सांगितलं?” नानाजींचा स्वर कठोर झाला.

“ते नाही सांगत.”

“काहून?”

“सांगणाऱ्यानं माह्या भल्यासाठीच सांगितलं. रागवाचं असंन तर मले रागवा.”

जयाने वरणाचे पातेले खाली ठेवले. “मी सांगितलं, नानाजी. मागच्या ऐतवारी हे पाहाले आले होते, तवा फाटकापाशी. दोघं गेले तुमच्या रोडग्यापायी, मी काही बोलली नाही. ह्यायले नव्हतं जाऊ द्याचं मले.”

“पोरी!” कुसुमताईने कपाळाला हात लावला.

“थांब वं सूनबाई,” नानाजी म्हणाले. त्यांनी नातीकडे नीट पाहिले. “चोवीस वर्षं माह्या घरात राहून राहिली ही. अन् हिचा स्वभाव मले आज दिसला.”

मग ते चंद्रभानकडे वळले. “बरं, हिनं सांगितलं नसतं, तर कसा खाल्ला असता? खरं सांगजो.”

चंद्रभान लाजला. “दोन्ही हातांनं फोडून, तुपात बुडवून, कोणाकडे न पाहता. भूक लई लागली आहे जी.”

हसता हसता नानाजींना ठसका लागला. “मंग खा गा तसाच! घरच्यासारखा खा.”

चंद्रभानने आज्ञा तंतोतंत पाळली. तूप कोपरापर्यंत ओघळले. कुसुमताईने डोळे पुसत त्याच्या पत्रावळीवर आणखी एक रोडगा ठेवला, आणि जया तोंडाला पदर लावून आंब्याआड पळाली.

परस्परांचा स्वभाव शोधण्यात त्या दोघांचे अवघे आयुष्य आनंदाने सरो, आणि तरीही थोडा शोध शिल्लक राहो.