पाठमोरी

"हॅट काढ आधी! मला नुसती तुझी हॅटच दिसतेय," एलोदिया म्हणाली.

"सत्तरी आली तरी धक्के मारायचं सुटलं नाही हिचं," असं म्हणत तोमासाने हॅट काढली. ती मोठी बहीण होती. जागेवरून मात्र हलली नाही.

समोर भिंतभर मोठा केलेला जुना फोटो होता. सान्ता रुफिना गावचा रविवारचा बाजार, त्यांच्या लहानपणचा. बटाट्यांचे ढीग, खेचरं, पाठीवर पोरं बांधलेल्या बायका. दोन खोल्यांच्या त्या संग्रहालयात नांगर होते, मिठाची मापं होती, चर्चची फुटकी घंटा होती. दोघींनी त्यातलं काहीही पाहिलं नव्हतं. दारातून त्या थेट या फोटोपाशी आल्या होत्या.

गेल्या रविवारी बाजारात नेलिदाने एलोदियाला हाताला धरून थांबवलं होतं. नेलिदा शाळेत शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी संग्रहालय उघडायची. "मावशी, तुमच्या अंगावरची ही शाल आमच्या भिंतीवर आहे!" ती म्हणाली होती.

शाल आईने विणलेली होती. तिच्या काठाला लामांची, त्या लांब मानेच्या लोकरीच्या जनावरांची, रांग होती. सगळे लामा एका दिशेने चाललेले, एकच उलट्या तोंडाचा. विणताना आईचा हात चुकला होता. पण पोटातल्या पोरासाठी विणलेलं उसवायचं नाही, अशी त्यांच्या गावची रीत. म्हणून तो लामा तसाच राहिला. पोटातलं पोर म्हणजे एलोदिया. ती अंगावर पीत होती तेव्हाच आई तापाने गेली. मागे शाल राहिली. फोटो एकही नव्हता.

एलोदियाच्या मुली विचारायच्या, हे असलं नाक आमच्या घरात आलं कुठून? एलोदियाला सांगता यायचं नाही. आता सांगता येणार होतं. आठवडाभर तिचा पाय जमिनीवर ठरला नव्हता. आज सकाळी तिने घातलेली वेणी सोडली आणि पुन्हा घातली. "आईपुढे जायचंय," ती म्हणाली होती.

"सापडला!" तोमासा ओरडली. तिचं बोट काचेवर टेकलं होतं. "हा बघ, उलटा लामा!"

एलोदियाने अंगावरच्या शालीचं टोक काचेला लावलं. तोच काठ. तोच लामा, कोपऱ्यापासून त्याच जागी. दोघी एकमेकींचे हात धरून लहान मुलींसारख्या हसल्या. दारात उभी असलेली नेलिदाही हसली.

मग एलोदियाची नजर शालीवरून वर गेली. वर दोन काळ्या वेण्या होत्या. त्यांच्या वर हॅट होती. बाई पाठमोरी उभी होती.

बाहेर कुणीतरी भाजलेलं डुकराचं मांस विकायला हाका घालत होतं.

"मला भीती होतीच," तोमासा हळूच म्हणाली. "फोटोवाला आला की बायका लाजून तोंड लपवायच्या. बघ ना, एकीचं तरी दिसतंय? मी त्याच्या कॅमेऱ्याच्या डबड्यामागे होते. त्याचं काळं फडकं ओढत होते. आई वळली ते मी पाहिलं. भित्री होती गं आपली आई."

"आणि हे तू आज सांगतेस?"

"काय सांगणार? आठवडाभर नाचत होतीस. वाटलं, दुसराही एखादा फोटो असेल."

एलोदियाने नाक पुसलं. तेच नाक, ज्याचा पत्ता लागत नव्हता. मग ती नेलिदाकडे वळली. "भिंग आहे का गं? आणि एक स्टूल दे."

"आता काय बघतेस? पाठ?"

"कान तरी दिसेल. एवढ्या लांब आलेय, कान बघितल्याशिवाय जायची नाही."

ती स्टुलावर चढली. तोमासाने तिचा घागरा दोन्ही मुठींत घट्ट धरला. भिंग हॅटच्या कडेवरून खाली सरकलं. वेणी. कानाची पाळी, अर्धीच. मान. खांदा. खांद्यावर भिंग थांबलं.

"ताई, इथे बोटं आहेत."

"कुणाची बोटं?"

"आईची. हात खांद्यावरून मागे आलाय. शालीची कड धरून खाली ओढतेय." एलोदियाचा आवाज चढला. "आणि आत तोंड आहे! बाळाचं तोंड. हसतंय गं, दात नाहीत एकही! इकडेच बघतंय!"

"वेड लागलं का तुला? पोराचं तोंड कुणी उघडं टाकतं का बाजारात? परक्या माणसाची दृष्ट लागते. आपण सुद्धा झाकूनच फिरलो पोरांना."

"मग ये आणि बघ!"

एलोदिया उतरली आणि तोमासा चढली. तिने आधी दुसऱ्या बायका पाहिल्या. एकेकीच्या पाठीवरून तिने भिंग सावकाश नेलं. सगळ्या शाली वरपर्यंत ओढलेल्या, आत पोर आहे की बटाटे, कळू नये अशा. मग ती आईपाशी आली. तिने तिची बोटं पाहिली, ओढलेली कड पाहिली. त्या कडेखालचं, सगळ्या बाजारातलं एकमेव उघडं तोंड पाहिलं. त्या तोंडावरचं नाक पाहिलं.

तिने भिंग खाली घेतलं.

"मी आयुष्यभर समजत आले, आईने पाठ केली," शेवटी ती म्हणाली. "पाठ नव्हती गं ती. तुला पुढे केलं होतं तिने."