अकरा बिया

चाकूचं पातं बीच्या टरफलातून सरळ आतल्या कोंबात उतरलं. ताई तशाच थांबल्या. भिंगाखाली तांदळाच्या कणीएवढा पांढरा कोंब मधोमध चिरलेला दिसत होता. अकरा बियांतल्या आता दहा उरल्या.

ज्या झाडाच्या या बिया, ते आठ दिवसांपूर्वी वादळात पडलं होतं. त्या जातीचं सगळं रान खोडाच्या बुरशीने वाळून गेलं, तेव्हा हे एकटंच हिरवंगार उभं राहिलं होतं. बुरशीला तोंड द्यायची ताकद त्याच्या वाणातच होती, तपासण्यांतही तसंच निघालं होतं. फांद्यांपासून रोपं करून पाहिली, सगळी काळी पडली. आडव्या झालेल्या झाडावर अकरा फळं सापडली, तीही कोवळी, प्रत्येकात एकेकच बी. बिया मातीत टाकल्या असत्या तर कुजल्या असत्या. बी चिरायची, आतला कोंब न दुखावता काढायचा आणि पोषक जेली भरलेल्या बाटलीत ठेवायचा, एवढी एकच वाट उरली होती. त्या बाटल्यांत जे जगेल, त्यातूनच पुढे कधीतरी रान उभं राहणार होतं.

हे काम ताईंशिवाय दुसऱ्या कोणाला सांगायचा प्रश्नच नव्हता. सव्वीस वर्षं त्या हेच करत आल्या होत्या. प्रयोगशाळेचे सर पाहुण्यांना त्यांच्यासमोर आणून म्हणायचे, "यंत्रं बिघडली तर दुसरी येतील. विमा उतरवायचा तर या हातांचा उतरवा." ताई लाजून हसायच्या.

गेले सहा महिने मात्र त्यांना हसू येत नव्हतं. दुपार झाली की उजवा हात थरथरायला लागायचा. नाजूक कामं त्या सकाळीच उरकून घ्यायच्या, चहाचा कप डाव्या हातात धरायच्या. घरीसुद्धा कोणाला पत्ता लागू दिला नव्हता. आज तर सकाळचे दहाच वाजले होते.

काचेपलीकडे धुण्याच्या खोलीत त्यांची भाची बाटल्या घासत होती. धाकट्या बहिणीची मुलगी. ताईंनीच शब्द टाकून तिला इथे लावली होती, हाताला धरून शिकवलं होतं. पोरगी तयारही झाली होती. पण मागच्या महिन्यात तिच्या नावाच्या चौदा बाटल्यांत बुरशी धरली. चौदा रोपं टाकून द्यावी लागली. "इतका हलगर्जीपणा?" म्हणत सरांनी तिला टेबलावरून उठवलं आणि बाटल्या धुवायला लावलं. ताई तेव्हा शेजारीच उभ्या होत्या. रात्री बहिणीचा फोन आला. "अगं, तू असताना असं कसं झालं?" ताई म्हणाल्या, "शिकेल हळूहळू." त्यानंतर बहिणीने फोन केला नव्हता.

ताईंनी दुसरी बी चिमट्यात धरली. चिमटा काचेच्या बशीवर टकटक वाजायला लागला. त्यांनी तो खाली ठेवला. ठेवल्यावरही हात थांबेना.

पहिली बी आतून पोकळच निघाली, असं सांगितलं असतं तर कोणी शंका घेतली नसती. पण मग दुसरीचं काय सांगायचं? तिसरीचं? त्या उठल्या आणि सरांच्या खोलीत गेल्या.

"सर, एक बी माझ्या हातून गेली."

सरांनी कागदांतून मान वर केली. "एखादी जायचीच, ताई. दहा आहेत ना अजून?"

"त्याही जातील. माझा हात कापतो." त्यांनी हात टेबलावर ठेवला. सर त्या हाताकडे बघत राहिले. "आणि मागच्या महिन्यातल्या त्या चौदा बाटल्या माझ्या होत्या. बाटलीच्या तोंडाला माझी बोटं लागली, बुरशी त्यातूनच शिरली. मी चिठ्ठ्या बदलल्या. तिच्या नावाच्या लावल्या."

सरांनी समोरचे कागद बाजूला सारले. मग म्हणाले, "तुमचं काय करायचं ते नंतर बघू. आधी तिला बोलवा."

भाची ओले हात पुसत आली. ताईंनी तिला आपल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः मागे उभ्या राहिल्या. "टरफलावर जोर देऊ नकोस. शिवण दिसते ना, तिथून उघड." एवढंच बोलणं झालं. दोन वाजेपर्यंत दहा कोंब दहा बाटल्यांत गेले. एकालाही धक्का लागला नाही. त्यांतले सात पुढे हिरवे झाले, पण ते तीन आठवड्यांनी. त्या दुपारी काहीच सांगता येत नव्हतं.

दहावी बाटली बंद झाल्यावर ताई म्हणाल्या, "सरांना मघाशी सांगितलं, ते आधी तुला सांगायला हवं होतं. त्या चौदा बाटल्या..."

"माहीत आहे." भाची बाटल्या रांगेत लावत होती. "चिठ्ठ्यांवर नाव माझं होतं, अक्षर तुझं."

ताईंनी विचारलं, "मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

भाचीने स्पिरिटचा दिवा विझवला.

"बोलले असते तर तुला घरी बसवलं असतं, मावशी. मला मोरीपर्यंतच पाठवलं."