पाणी किती खोल

धरणात शीड लावून फिरायला वरदनं घेतलेली छोटी होडी सासऱ्यांच्या, तात्यांच्या, अंगणात होती. बुडाला भोक पाडून तो सेन्सर बसवत होता.

"जावईबापू, चांगल्या होडीला भोक?"

"पाणी किती खोल आहे, ते हे यंत्र सांगतं, तात्या."

"व्हय?" तात्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

सकाळी अंगणात होडी नव्हती. ट्रॅक्टरनं ओढत नेलेली ती रानात सापडली. होडीत तात्या, शेजारी बोअरची गाडी, आणि यंत्राच्या पडद्यावर नुसतं

– – –

"दोन बोअर कोरडे गेले. तिसरा कुठं घ्यायचा ते इचारतोय, तर हे बोलंना."

"तात्या, ते फक्त पाण्यातच चालतं!"

"पाणी समोर दिसत असल्यावर यंत्र कशाला लागतंय, जावईबापू?"