बाहुलीचे कपडे

फाटकापाशी ऑटोतून उतरताच मार्गिटला दिसलं, की पहिल्या मजल्यावरून रमण खाली बघतोय.

निळ्या रेघांचा शर्ट. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. तिचा हात नकळत वर गेला. तेवढ्यात वारा आला आणि रमणचे दोन्ही पाय एकदम बाजूला झुलले.

बाहुली होती. पेंढा भरून, मानेला दोर बांधून सज्ज्याच्या कठड्याला टांगलेली. डोक्याच्या जागी मडकं. त्यावर वटारलेले डोळे, मिशा, बाहेर आलेली लाल जीभ. तंजावरात घर बांधायला काढलं की अशी बाहुली टांगतातच. मार्गिटने कितीतरी पाहिल्या होत्या. आपल्या नवऱ्याच्या कपड्यांतली पाहिली नव्हती.

हे कपडे तिनेच पिशवीत भरून कामगारांना दिले होते. रमण गेल्यावर लोकांना वाटलं होतं, ही आता व्हिएन्नाला परत जाईल. ती राहिली. त्याने आखलेलं घर पुरं करायचं होतं. कामाला माणसं सगळी इथलीच. ठेकेदार श्रीनिवासराव रमणचे जुने मित्र, त्याच्यासारखेच तंजावरचे मराठी. त्यांच्याशी तिला बोलता यायचं, कारण रमणने तिला आपल्या घरातली मराठी शिकवली होती. तमिळ तिला येत नव्हतं.

"काढा तें," ती श्रीनिवासरावांना म्हणाली.

"वैनी, रंग पुरा होईस्तोवर असू दे. घराला नजर लागू नये म्हणून असतं."

"ठाऊक आहे. पण रमणचे कपडे नकोत. दुसरे घाला."

श्रीनिवासरावांनी वर बघून तमिळमध्ये सांगितलं. बांबूच्या परांचीवरचे ब्रश थांबले. मुख्य पेंटर अय्याकण्णु खाली आला, हात पुसत उभा राहिला आणि जमिनीकडे बघत काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणतो?"

"विचारतो, मग कुणाचे घालू?"

भिंतीतल्या खिळ्यांना कामगारांचे घरून घालून आलेले शर्ट लटकत होते. मार्गिटने त्यातल्या सगळ्यात विटक्या शर्टाकडे बोट केलं. एक पेंटर धावत आला, त्याने तो शर्ट काढून छातीशी धरला.

"कोण्ही देणार नाही, वैनी," श्रीनिवासराव हळू आवाजात म्हणाले. "ज्याचा कपडा, नजर त्याच्यावर जाते म्हणतात. म्हणून ह्यांनी रमणचा घातला. त्याला आता काय व्हायचं राहिलंय?"

"आणि बाहुली नसली तर?"

"तर परांचीवर कोण्ही चढायचं नाही."

बाहुली खाली उतरवली. शर्टाची बटणं मार्गिटने स्वतः सोडली. आतला पेंढा उन्हाने कोमट झाला होता, अंगासारखा. क्षणभर तिचा हात तिथेच राहिला. मग तिने शर्ट ओढून काढला आणि घडी करून पिशवीत ठेवला.

उन्हासाठी ती टी-शर्टवर रोज एक सैल पिवळा सदरा घालायची. तो तिने उतरवला आणि बाहुलीला चढवला. डोक्यावरची गवताची टोपीही मडक्यावर ठेवली.

"वैनी, नको."

"मी हें मानत नाही. तुम्ही मानता. झालं तर मग."

श्रीनिवासरावांनी हे तमिळमध्ये कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. वाळू चाळणारी वरलक्ष्मी उठली, तिने पदर ओला केला आणि मडक्यावरच्या मिशा पुसून टाकल्या. अय्याकण्णुने दोर वर ओढला.

काम सुरू झालं. श्रीनिवासराव स्कूटर काढून आणखी प्रायमर आणायला गावात गेले. मार्गिट खोल्याखोल्यांतून हिंडली. पेंटर बादल्या घेऊन जात-येत होते. एरवी ते तिला वाट द्यायचे, आज प्रत्येक वेळी तीच भिंतीला चिकटून उभी राहत होती. वरलक्ष्मी चहा घेऊन आली. तिने सगळ्यांना पेले दिले. मार्गिटने हात पुढे केला, तर ती रिकामं तबक घेऊन तिच्या शेजारून निघून गेली. विसरली असेल, असं मार्गिटला वाटलं. उकाडा होता, तरी तिच्या दंडांवर काटा आला. तिने दोन्ही दंड चोळले.

दुपारी फाटक वाजलं. रमणची थोरली बहीण, चंद्रमती अक्का, डबा घेऊन आली होती. रमण गेल्यापासून मार्गिट तिच्याकडेच राहत होती. अक्का तिला जेवू घालायची, रात्री तिच्या खोलीत अंथरूण टाकायची, ती रडली की काही न बोलता तिच्या केसांना तेल लावत बसायची. अक्काचा आवाज ऐकूनच मार्गिटला बरं वाटलं. ती घाईने दाराशी आली.

अक्का फाटकाच्या आत उभी राहून, डोळ्यांवर हाताची सावली धरून वर टांगलेल्या पिवळ्या सदऱ्याकडे बघत होती.

"उतर की खाली! भात निवून चाललाय."

"अक्का, मी इथं आहे."

अक्का वरच बघत होती. हसत होती. "ये, ये. सावकाश ये. पायऱ्या ओल्या असतील."

"अक्का!"

मार्गिट तिच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. तिने डब्याला हात लावला, तशी अक्काने दचकून डबा मागे घेतला. मार्गिटला तिने खालून वर न्याहाळलं, केसांकडे पाहिलं, गोऱ्या दंडांकडे पाहिलं. मग तिने तमिळमध्ये काही विचारलं. मार्गिटला ते कळलं नाही, हे अक्काच्या लक्षात आलं. आणि परक्या देशातून आलेल्या, वाट चुकलेल्या बाईशी बोलावं तसं, शब्द जुळवत, तिने अदबीने इंग्रजीत विचारलं,

"कोण पाहिजे आपल्याला?"